बर्फावरची गाडी आणि आमचा प्रकल्प

(एस. वाय. बी. ए.)

शीर्षक वाचून पुष्कळांना हसू येईल. ज्या तालुक्यात चार गारा पडल्या तरी आठ दिवस त्यांचीच चर्चा चालते, तिथल्या एका कलाशाखेच्या मुलीने बर्फावर धावणाऱ्या गाडीविषयी काय म्हणून लिहावे? बर्फ मी पाहिला आहे तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, भुशाच्या पोत्यात गुंडाळलेला. तरीही यंदा माझ्या डोक्यात या गाडीने जे घर केले आहे ते काही केल्या रिकामे होत नाही, आणि वार्षिकांकासाठी दुसरे काही लिहायला बसले की पेन तिकडेच वळते. तेव्हा सांगूनच टाकते.

झाले असे. माझा एक मावसभाऊ अभियांत्रिकीला आहे. आमच्या दोन्ही घरांतून कॉलेजची पायरी चढलेली आम्ही दोघेच. त्याच्या कॉलेजची मुले दरवर्षी 'बाहा' नावाच्या स्पर्धेसाठी खाचखळग्यांतून धावणारी एक छोटी गाडी स्वतः तयार करतात. गेल्या वर्षी ती गाडी त्यांनी बांधली, रंगवली, तिच्यासोबत फोटोही काढले, आणि ब्रेकच्या तपासणीतच ती बाद झाली. ब्रेक दाबला की चारही चाके जागच्या जागी जखडली पाहिजेत असा नियम. यांची तीनच जखडली. गाडी पुरी झाली होती स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात. ब्रेक तपासायला वेळ कोणाला होता?

त्यामुळे या दिवाळीत दादा आला तो कागदांचा एक गठ्ठा घेऊनच. परदेशी विद्यार्थ्यांनी स्पर्धांसाठी लिहिलेले अहवाल त्यांच्या सरांनी वाचायला दिले होते. गठ्ठा माझ्यापुढे टाकून म्हणाला, ''तू आर्ट्सची ना? मग इंग्रजी तुला येत असेल. तू वाच, मला सांग. मशीनचं मी बघतो.'' माझे इंग्रजी किती आहे हे आमच्या इंग्रजीच्या सरांना ठाऊक आहे. पण नाही कसे म्हणणार! त्या गठ्ठ्यात मला ही बर्फगाडी भेटली.

तिची ओळख थोडक्यात करून देते. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, घसरगुंडीच्या लाकडी फळीसारख्या, हँडलने वळणाऱ्या; मागे ट्रॅकचा रुंद रबरी पट्टा, रणगाड्याच्या साखळीसारखा गोल फिरणारा; वर मोटारसायकलसारखी बैठक. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत नेणारी पट्टा-कप्पीची रचना आजच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असते तशीच. इंग्रजीत हिला स्नोमोबाइल म्हणतात.

अमेरिकेत २००० साली विद्यार्थ्यांसाठी या गाडीची एक स्पर्धा सुरू झाली. मोटार अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेची ही स्पर्धा पहिल्यांदा वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात भरली आणि २००३ पासून मिशिगन राज्यातल्या हॉटन गावी भरू लागली. हॉटनच्या टापूत एका हिवाळ्यात सरासरी दोनशे इंचांहून अधिक बर्फ पडतो. दोनशे इंच म्हणजे आमच्या घराच्या वर आमचेच घर उभे केले तरी वरचे पत्रे बुडतील. आता मी म्हणाले, 'स्पर्धा', तर तुम्हाला वाटेल शर्यत. मलाही तेच वाटले होते. पण या स्पर्धेत सर्वांत जोरात पळणारी गाडी जिंकेलच असे नाही. जिंकते ती कमी धूर सोडणारी, कमी आवाज करणारी, कमी पेट्रोल पिणारी, आणि तरीही नीट चालणारी. स्पर्धेचे नावच मुळी 'क्लीन', म्हणजे स्वच्छ बर्फगाडीचे आव्हान असे आहे!

याचे कारण यलोस्टोनमध्ये आहे. १८७२ साली स्थापन झालेले हे उद्यान. नव्वदच्या दशकात हिवाळ्यात तिथे रोज शेकडो बर्फगाड्या शिरू लागल्या. त्यांची इंजिने टू-स्ट्रोक. फाटकाशी रांग लागे, धुराचा निळा पडदा धरे, आणि तिकिटे देणाऱ्या रक्षकांचा जीव घाबरा होई. पुढे त्यांच्या खोल्यांत बाहेरून ताजी हवा पंपाने सोडावी लागली. काहींनी तोंडावर मुखवटे चढवले. जंगलात, बर्फात, आणि हवा पंपाने! या गाड्यांवर बंदी घालावी की नाही यावर तिथे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. एक सरकार बंदी आणी, दुसरे उठवी. त्या भांडणाच्या मधोमध कोणाला तरी सुचले, की कॉलेजच्या मुलांना विचारून पाहावे: हीच गाडी स्वच्छ आणि शांत करून दाखवता का?

टू-स्ट्रोक इंजिन एवढा धूर का करते हे त्या अहवालात दीड पान होते. मी ते तीनदा वाचले आणि मला ओ की ठो कळले नाही. शेवटी ओसरीवर बसलेल्या अण्णांना विचारले. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. चौथीनंतर शाळा सुटली. पूर्वी त्यांच्याकडे एक टू-स्ट्रोक मोपेड होती. ते म्हणाले, ''अगं, लग्नाच्या पंगतीसारखं असतं ते. एका दारातनं जेवलेले पाहुणे बाहेर काढायचे, अन् त्याच वक्ताला दुसऱ्या दारातनं नवे आत घ्यायचे. त्या गर्दीत नव्यातले काहीजण न जेवताच बाहेर ढकलले जातात. ते कच्चं पेट्रोल. त्यात ऑइल बी पेट्रोलातच मिसळलेलं. मग धूर नाही होणार तर काय?''

दादा आ वासून बघत राहिला. मग मी पुन्हा कागदाकडे वळले, तर काय आश्चर्य, पुढचे सगळे उलगडत गेले! काही मुलांनी टू-स्ट्रोक सोडून फोर-स्ट्रोक इंजिन बसवले. त्यात जेवणारे आधी जेवून बाहेर पडतात, मग नवी पंगत. पण ते इंजिन जड, आणि जड गाडी भुसभुशीत बर्फात रुतते. दुसऱ्या काहींनी टू-स्ट्रोकच ठेवले. मात्र आत आधी नुसती हवा घ्यायची आणि बाहेरचे दार लागत आले की मग पेट्रोल थेट आत फवारायचे, अशी युक्ती योजली. दोन्ही वाटा बरोबर, दोन्ही वाटांना खर्च. कोणती घ्यायची ते आधी ठरवावे लागते आणि लेखी ठरवावे लागते. माझ्या लेखाचा खरा विषय हाच आहे: आधी ठरवणे.

त्या अहवालांत मला भावली ती ही गोष्ट. गाडी हातात आली की ही मुले तिला लगेच पाना लावीत नाहीत. आधी ती जशी आहे तशीच चालवून मोजतात. धूर किती, आवाज किती, पेट्रोल किती. हे आकडे वहीत उतरल्याशिवाय एक नटही सैल करायचा नाही, कारण सुरुवातीचा आकडाच नसेल तर सुधारणा झाली हे कशावरून म्हणणार? मग स्पर्धेची मार्चमधली तारीख धरून मागे मागे मोजत येतात. आपल्याकडे लग्नघरात मुहूर्तापासून उलटे मोजतात तसेच: हळद कधी, बस्ता कधी, याद कधी. अमुक दिवशी गाडी बर्फावर फिरली पाहिजे, म्हणजे त्याआधी अमुक दिवस इंजिन चाचणीच्या टेबलावर हवे, म्हणजे त्याआधी सायलेन्सरचे माप ठरले पाहिजे. आणि चाचणीसाठी आठवडे राखून ठेवायचे. त्यांना कोणी हात लावायचा नाही. दादाच्या गटाने हेच आठवडे खाऊन टाकले होते.

आवाजाचे प्रकरण तर फार गमतीचे आहे. इंजिनाचा आवाज दाबला की काम झाले असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. धुराड्याचा आवाज कमी केला की हवा ओढण्याचा आवाज वर येतो. तो दाबला की रबरी पट्ट्यावरून फिरणाऱ्या चाकांची घरघर ऐकू येते. अण्णा याला म्हणाले, ''सासू गप झाली की नणंदेचं ऐकू येतं.'' (आईने हे ऐकले नाही, हे बरे झाले.) म्हणून प्रत्येक आवाज वेगळा काढून मोजावा लागतो. तिकडे जुना दंडक पन्नास फुटांवरून पूर्ण वेगात अठ्ठ्याहत्तर डेसिबलचा. यलोस्टोनमध्ये शिरायचे तर त्र्याहत्तरची मर्यादा घातली गेली. पाचाचा फरक तो काय, असे मी म्हणाले. तेव्हा दादाने पाटीवर गणित करून दाखवले, की हे पाच म्हणजे साधे पाच नव्हेत. आवाजाची शक्ती सुमारे एक-तृतीयांशावर आणावी लागते. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध संपला असे मी समजत होते.

आणि गुणांची वाटणी! गाडीचे गुण आहेतच: शंभर मैल टिकून धावणे, रात्रभर उघड्यावर गोठल्यावर सकाळी ठरावीक सेकंदांत सुरू होणे, वळणावर ताब्यात राहणे. पण लेखी निबंधाला गुण आहेत. परीक्षकांपुढे उभे राहून तोंडी सांगण्याला गुण आहेत. केलेल्या बदलांनी गाडीची किंमत किती वाढेल याचा हिशेब द्यावा लागतो. बसणाऱ्याला ती सुखाची वाटते का, हेही पाहतात. काही वर्षी तर इथेनॉल मिसळलेले इंधन दिले गेले आणि किती मिसळले ते आधी सांगितले नाही. इंजिनाने स्वतः ओळखून घ्यावे! (आमच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास इतक्या दूरच्या बर्फाशी असा जोडला जाईल असे वाटले नव्हते, अर्थात तिकडचे इथेनॉल मक्याचे.) विजेवर चालणाऱ्या गाड्यांचाही वेगळा गट निघाला. तो का, तर ग्रीनलंडच्या हिमपठारावर शास्त्रज्ञ हवेचे आणि बर्फाचे नमुने घेतात. तिथे धुराची गाडी नेली तर नमुनेच बिघडायचे.

आता माझा मुद्दा. हे सगळे वाचताना मला सारखी आठवण होत होती ती आपल्या पर्यावरणाच्या प्रकल्पाची. द्वितीय वर्षाला तो सर्वांना सक्तीचा. आम्हा पाचजणींचा विषय होता 'नदीप्रदूषण: कारणे व उपाय'. आम्ही नदीवर गेलो नाही. स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. विषय सांगायचा, नावे सांगायची, तासाभराने स्पायरल बाइंडिंग करून हातात. आमच्या प्रकल्पात जी नदी होती ती आमच्या जिल्ह्यातली नव्हती. तिसऱ्या पानावर आदल्या वर्षीच्या कोणा मुलाचे नाव पुसायचे राहून गेले होते. आम्हाला चांगले गुण मिळाले.

हे मी अभिमानाने लिहीत नाही आणि कोणाला नावे ठेवण्यासाठीही लिहीत नाही. शंभर-सव्वाशे मुलांचे प्रकल्प एका सरांनी आठवड्यात तपासायचे, तर ते तरी काय करतील? पण मला जे बोचते ते वेगळे आहे. प्रकल्प जमा केला त्या संध्याकाळी अण्णांनी विचारले, ''काय लिवलंस गं त्यात?'' मला सांगता येईना. ज्यांनी पंगतीचा दाखला देऊन मला इंजिन शिकवले, त्यांना मी माझ्या स्वतःच्या नावाच्या प्रकल्पातले एक वाक्यही सांगू शकले नाही. अण्णा म्हणाले, ''असू दे, अवघड असंल.'' त्यांना खरेच वाटले की ते त्यांना कळण्यापलीकडचे आहे, म्हणून मी सांगत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचे एक प्राध्यापक या लेखाचा कच्चा खर्डा वाचून म्हणाले, ''हा श्रीमंत देशांचा खेळ आहे. आधी मौजेसाठी जंगलात गाड्या घालायच्या, मग त्या स्वच्छ केल्या म्हणून बक्षीस द्यायचे. गाडीच नेली नाही तर?'' सरांचे म्हणणे मला बरेचसे पटते. नुसत्या हौसेच्या गाड्या नाही गेल्या तर यलोस्टोनच्या रानगव्यांचे काही बिघडणार नाही. तरी मला एवढे म्हणायचे आहे, की ही गाडी हौसेतून जन्मलेली नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए हा तरुण गॅरेज चालवी आणि बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचे अपेंडिक्स फुटले. रस्ते बर्फाने बंद. मुलाला दवाखान्यात नेता आले नाही. मूल गेले. १९३७ साली त्याने आपल्या पट्ट्याच्या गाडीचे पेटंट घेतले. त्याच्या पहिल्या मोठ्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेची मुले यांची ने-आण झाली; हौशी लोकांची लहान गाडी, 'स्की-डू', आली ती १९५९ मध्ये.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा कोणी काही बोलले नाही. आमच्या गावाच्या रस्त्यावर एक फरशी पूल आहे. मोठ्या पावसात ओढा त्यावरून वाहतो आणि वाडी तुटते. माझी धाकटी आत्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा पूल दीड दिवस पाण्याखाली होता. आत्या वाचली, बाळ नाही. मी तेव्हा चौथीत होते. मला आठवते ती फक्त ओढ्याच्या अलीकडे उभी असलेली जीप आणि तिचे चालू ठेवलेले दिवे. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, ''त्याच्याकडं गॅरेज होतं.''

आमच्याकडे गॅरेज नाही. पुलाची उंची वाढवणे काही कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे हेही मला कळते. पण पूल वर्षातून किती दिवस बंद असतो, हे तरी कोणाला ठाऊक आहे? ग्रामसभेत दरवर्षी हा प्रश्न निघतो. कोणी म्हणते पंधरा दिवस, कोणी म्हणते महिनाभर, आणि साहेब म्हणतात, ''एक-दोन वेळा येत असेल पाणी.'' आकडा कोणाकडेच नाही. बर्फगाडीवाल्या मुलांच्या भाषेत सांगायचे, तर आम्ही गाडी न मोजताच तिच्यावर भांडत बसलो आहोत. किती पावसाला पाणी पुलावर चढते, चढल्यावर किती तासांनी उतरते, त्या वेळात कितीजण अडकतात, त्यांत शाळेची मुले किती, आजारी किती: हे मोजायला इंजिन लागत नाही, वही लागते. आणि मोजलेले नीट मराठीत मांडून साहेबांपुढे उभे राहून सांगायला तर आपल्यासारखीच माणसे लागतात. आम्ही उगीच समजतो की योजना आखणे हे इंजिनिअरचे काम आणि कविता पाठ करणे हे आपले.

दादाला मी त्याचा अहवाल लिहायला मदत केली. त्याने लिहिलेल्या वाक्यांत कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे याचा मेळ नव्हता. माझ्या वाक्यांत नट आणि बोल्ट यांत फरक नव्हता. सहा रात्री भांडून दहा पाने झाली. यंदा त्यांची गाडी ब्रेकच्या तपासणीत पास झाली. पुढे शर्यतीत काय झाले ते तो सांगत नाही, म्हणून मीही विचारत नाही.

तर आमचे ठरले आहे ते असे. तृतीय वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प नाही, म्हणजे याला गुणही नाहीत. तरी आम्ही तिघी तयार आहोत. अण्णांनी सहा फुटी लोखंडी पट्टी कापून, तिच्यावर इंचाइंचाला पांढरा-लाल रंग देऊन ठेवली आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती पुलाच्या कठड्याला बांधायची. भूगोल विभागाकडे पर्जन्यमापक मागितले आहे. सरांनी 'बघू' म्हटले आहे. रात्री पाणी चढले तर नोंद कोणी घ्यायची हा प्रश्न होता, तो ओढ्याकाठच्या किराणा दुकानदाराने सोडवला: त्याला तसेही पाण्याच्या धास्तीने झोप लागत नाही. ऑक्टोबरपर्यंत मोजायचे, दिवाळीत मांडायचे, जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायचे. जानेवारीपासून उलटे मोजले, तर आजच आठ दिवस उशीर झाला आहे. आणखी दोघांची गरज आहे. त्यांतला एक तरी ओढ्याच्या पलीकडच्या बाजूला राहणारा हवा, कारण पाणी आले की आम्ही तिघी अलीकडेच अडकणार.